प्रभातचे अठरा फलक: बडोद्यातल्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट
विषय पक्का झाला: प्रभात फिल्म कंपनी, १९२९ ते १९५३. प्रदर्शन चार दिवसांचे, दांडिया बाजाराजवळच्या सभागृहात, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. नवरात्रात बडोद्यात संध्याकाळी प्रदर्शनाला कोणी फिरकत नाही आणि उत्तरायणाला सगळे गच्चीवर असतात, म्हणून डिसेंबर. छपाई पाऊस पूर्ण गेल्यावरच करायची. ओल्या हवेत सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फळीवर) छापलेले विनाइल चिकटवले की आठवड्यात बोर्ड धनुष्यासारखा वाकतो.

एकूण १८ फलक, प्रत्येक २ बाय ३ फूट, उभे. एका फलकावर मराठी मजकूर १२० शब्दांच्या आत. खाली चार ओळी गुजरातीत. इथल्या मराठी घरांतली शाळकरी मुलेसुद्धा गुजराती जास्त सहज वाचतात, त्यामुळे त्या चार ओळी पाहुण्यांपुरत्या नाहीत, घरच्यांसाठीही आहेत.

११ ऑगस्ट
फलकांचा क्रम लावला. पहिला फलक बडोद्याचाच: दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास इथल्या कलाभवनात शिकले. चित्रकला आणि साचेकाम एकाच छपराखाली शिकवणारी ही संस्था त्याच सुमारास सुरू झाली होती. दुसरा फलक कोल्हापूरचा: बाबूराव पेंटर आणि त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. प्रभातचे चार कर्ते तिथेच तयार झाले: विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी हे कोल्हापूरचे सराफ, भांडवल त्यांचे. स्थापना १ जून १९२९.

हे दोन फलक आधी लागलेच पाहिजेत. कॅमेऱ्याची दुरुस्ती, पडदे रंगवणे, साचे घालणे, फिल्म धुणे ही कामे एकाच माणसाच्या हाताखालून गेलेली असत, आणि प्रभात त्याच घडणीची होती. पुढे तिचे काय झाले ते समजायला ही घडण आधी डोळ्यांसमोर हवी.

१९ ऑगस्ट
नावांच्या घोळासाठी स्वतंत्र तक्ता केला. संग्राहकांकडून आलेल्या छायाचित्रांवरच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. प्रभातचे ‘गोपाळकृष्ण’ दोन: १९२९ चा मूकपट आणि १९३८ चा बोलपट. ‘चंद्रसेना’ही दोन, १९३१ मूक आणि १९३५ बोलका. ‘सैरंध्री’ बाबूराव पेंटरांची १९२० ची आणि प्रभातची १९३३ ची. ‘सिंहगड’ही पेंटरांचा १९२३ चा, प्रभातचा १९३३ चा. नुसते नाव वाचून फोटो लावला तर चार जागी चूक होईल.

नियम: प्रत्येक ओळीत नाव, वर्ष आणि ‘मूक’ किंवा ‘बोलका’ हा शब्द, तिन्ही असल्याशिवाय फोटो फलकावर चढणार नाही. वर्ष नक्की नसेल तर फोटो बाजूला.

‘उदयकाल’ (१९३०) च्या ओळीत एक वाक्य वाढवले. शिवाजी महाराजांवरच्या या मूकपटाचे नाव आधी ‘स्वराज्य तोरण’ होते, सेन्सॉरमुळे ते बदलावे लागले. फलकावर दोन्ही नावे एकाच आकाराच्या अक्षरात.

२ सप्टेंबर
परवानगीची यादी. चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षांचा, प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. त्या हिशेबाने प्रभातच्या सगळ्या चित्रपटांची मुदत कधीच संपली. तेवढ्याने काम होत नाही. गाण्यांच्या शब्दांचा आणि संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, तो वेगळा मोजावा लागतो. शिवाय चांगली प्रत ज्याच्याकडे आहे त्याची लेखी संमती हवीच. कायदा मोकळा असला तरी प्रत हातात नसेल तर दाखवणार काय? तीन पत्रे गेली. तुकडे प्रत्येकी दोन मिनिटांच्या आतले, गाण्याशिवायचे निवडले.

१५ सप्टेंबर
१६ मिमी प्रोजेक्टर आला, एका बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून. दिवा २४ व्होल्ट २५० वॅटचा हॅलोजन, चालू. मोटर चालू. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झालेला. तो खरवडून काढायला लाकडी पट्टी आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल. धातूची पट्टी वापरू नये, पुलीवर ओरखडा पडला की नवा पट्टाही तिथेच झिजतो. नवा पट्टा गोल रबरी दोरीचा, टोके तिरकी कापून चिकटवली, बारा तास दाबून ठेवली.

फिल्म जिथून उजेडासमोरून सरकते ती खिडकी मऊ ब्रशने साफ केली. तिथे वाळलेल्या इमल्शनचा (फिल्मवरच्या चित्राच्या थराचा) खडा राहिला तर प्रत्येक चौकटीवर एकाच जागी रेघ ओढत जाते.

१६ मिमी मुद्दाम निवडली. ही फिल्म पहिल्यापासून सुरक्षित बेसवरच निघाली. प्रभातच्या काळातली ३५ मिमी फिल्म भडकन पेटणाऱ्या नायट्रेटची, ती अशा सभागृहात लावण्याचा विचारही करायचा नाही.

२१ सप्टेंबर
प्रोजेक्टर चालवून दाखवायची फिल्म: शेतीवरच्या माहितीपटाची टाकून दिलेली प्रत, ४०० फूट. डबा उघडताच आंबट वास, म्हणजे ॲसिटेट, फिल्मचा सुरक्षित बेस, कुजायला लागला आहे. आम्ल तपासायची निळी पट्टी डब्यात ठेवून झाकण लावले. २४ तासांनी पट्टी निळी-हिरवी, पिवळी नाही. अजून चालेल.

आकुंचन मोजले. नव्या प्रतीत १०० भोकांचे अंतर ७६२ मिमी येते. या प्रतीत तीन ठिकाणी मोजले, सर्वांत कमी ७५७. म्हणजे ०.६६ टक्के. एक टक्क्याच्या वर गेले की दाते भोकात बसत नाहीत आणि फिल्म फाटते. ही प्रत दिवसाला दोनदा, त्याहून जास्त नाही. डबा बाकीच्या सामानापासून वेगळ्या खोलीत. आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही धरते.

२८ सप्टेंबर
प्रोजेक्टर चालवायला दोन जणांना शिकवले. अडचण नेहमीची: खालचा लूप. खिडकीपाशी फिल्म थांबत थांबत सरकते, ध्वनीच्या ड्रमवर मात्र ती अखंड सरकायला हवी. दोन्हींच्या मध्ये सैल लूप असतो तो धक्का गिळतो. लूप आखूड झाला की खडखडाट आणि चित्र थरथरते. लूप मोठा झाला की ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण १६ मिमी मध्ये आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो, सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सेकंदाहून थोडा जास्त. खडखड ऐकू आली की आधी मोटर बंद, मग लूप. चालू यंत्रात बोट घालायचे नाही.

८ ऑक्टोबर
दोन आठवडे फक्त मजकूर. चढतीचे फलक, ५ ते ११, सोपे गेले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), मराठीतला पहिला बोलपट. ‘सैरंध्री’ (१९३३), रंगीत करण्यासाठी फिल्म जर्मनीला नेली, रंग हवे तसे आले नाहीत. त्याच वर्षी कंपनी कोल्हापूरहून पुण्याला. ‘अमृतमंथन’ (१९३४) मधला पुरोहिताच्या डोळ्याचा प्रचंड क्लोज-अप मोठा छापायचा, फलकाची अर्धी जागा त्याला. ‘संत तुकाराम’ (१९३६), मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून जास्त चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ‘कुंकू’ (१९३७), पार्श्वसंगीताशिवाय, घरातल्या आणि रस्त्यातल्या आवाजांवर.

पुण्यातल्या प्रभात टॉकीजसाठी छोटा चौकोन ठेवला. ती इमारत इंदूरच्या किबे घराण्याची, १९३४ मध्ये सुरू झाली. कंपनी १९५३ ला बंद झाली, पण त्या इमारतीवरचे नाव २०१४ पर्यंत तसेच होते. हे वाचून इंदूरहून येणारे पाहुणे नक्की थांबतील.

१७ ऑक्टोबर
फलक १४ चा मसुदा तिसऱ्यांदा परत. पहिला मथळा होता ‘शांताराम गेले आणि प्रभात संपली’. वाचायला झणझणीत, पण तारखा साथ देत नाहीत. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि परळला राजकमल कलामंदिर उभे केले. कंपनी बंद झाली १९५३ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत ‘रामशास्त्री’ (१९४४) आहे, आणि तो कोणत्याही मापाने लहान चित्रपट नाही. ‘हम एक हैं’ (१९४६) आहे, देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आले तो. एक माणूस गेल्याने सगळे संपले असे लिहिणे म्हणजे दामले-फत्तेलालांनी नंतर केलेले काम पुसणे. ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेले, हेही लोकांच्या लक्षात नसते.

मग खरे कारण कसे दाखवायचे? प्रभात स्टुडिओत सगळे पगारावर होते: नट, गायक, सुतार, रंगारी, शिंपी, ध्वनीवाले, प्रयोगशाळेतले. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची लॅब, स्वतःचे वितरण. पगार दर महिन्याला द्यायचा असतो, चित्रपट वर्षाला एक-दोनच होतात. लागोपाठ चित्रपट चालत होते तोवर या घडणीमुळेच काम इतके नेटके होत असे, सेट मोडल्यावर लाकूडसुद्धा पुढच्या सेटला जाई. युद्धात बाजार बदलला. ठेक्यांतून पैसा मिळवलेले नवे निर्माते आले, ते स्टुडिओ भाड्याने घेत आणि नटाला एका चित्रपटाचे एकरकमी पैसे देत. पगारी नटाला तिकडे एका चित्रपटात वर्षाची कमाई मिळू लागली तर तो पुण्यात कशाला राहील? त्यात धायबर आधीच गेलेले, शांताराम १९४२ ला, विष्णुपंत दामले १९४५ मध्ये निवर्तले. कागदावर भागीदारी होती, पण चित्रपट घडवणारे हात उरले होते फत्तेलालांचे.

नवा मथळा: ‘महिन्याचा पगार, वर्षाचा चित्रपट’. फलकावर दोन रकाने: डावीकडे प्रभातच्या आतले सगळे विभाग, उजवीकडे १९४५ नंतरच्या निर्मात्याकडे स्वतःचे असलेले विभाग. उजवा रकाना जवळजवळ रिकामा. तो रिकामाच ठेवायचा, सजवायचा नाही. ही गोष्ट नजरेने समजावी.

२६ ऑक्टोबर
फलक १३ साठी वस्तू ठरली: फिल्मचे डबे. युद्धकाळात कच्ची फिल्म आयात होऊन मिळेना. सरकारने १९४२ मध्ये चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली, पुढच्या वर्षी कच्ची फिल्म परवान्यावर गेली. ११,००० फूट हा आकडा वाचून कोणाला काही वाटत नाही. पण ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे १२२ मिनिटे. ‘संत तुकाराम’ची आज मिळणारी प्रत दोन तास दहा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे ११,७०० फूट. युद्धात तोच चित्रपट नियमात बसला नसता.

मांडणी: १,००० फुटांचे अकरा पत्र्याचे डबे एकावर एक, बारावा बाजूला जमिनीवर. डबे भंगारवाल्याकडून, साधारण दहा इंच व्यासाचे, गंज काढून आतून कोरडे पुसले. आत फिल्म नाही, वजनासाठी वाळूची पिशवी, नाहीतर मुले उतरंड पाडतात. बाराव्या डब्यावर चिठ्ठी: ‘यातला भाग कापावा लागला असता’.

४ नोव्हेंबर
पहिली चाचणी छपाई. फाइल बघायला ठीक, छापलेल्या कागदावर मात्र ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झालेले. छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला ‘ऱ’ ओळखता येत नाही, तो रफार करून टाकतो. शिवाय फॉन्ट हिंदी वळणाचा, ‘ल’ आणि ‘श’ परके दिसतात. ‘शांताराम’ पहिल्याच ओळीत वेगळे दिसले. मराठी माणूस कारण सांगू शकणार नाही, पण त्याला ते खटकेल.

उपाय: मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट, मजकूर आपल्याच संगणकावर वक्ररेषांत बदलून पीडीएफ. त्यानंतर छपाईवाल्याकडे अक्षर बदलू शकत नाही. चाचणीची ओळ कायमची ठरवली: ‘दुसऱ्या शाळेतल्या कृष्णाने कोल्हापूरला तुतारी फुंकली’. ही ओळ नीट छापली तर फलक नीट छापेल.

ओळींमधली जागाही वाढवली. २८ पॉइंटच्या देवनागरीला ४० पॉइंटची ओळ लागते. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना टेकत होत्या.

१४ नोव्हेंबर
मकरपुऱ्याहून ५ मिमी सनबोर्ड. मॅट लॅमिनेशन, चकचकीत नको, सभागृहातल्या ट्यूबलाइटचा पट्टा अक्षरांवर पडतो. विनाइल दोन्ही बाजूंना, मागे साधे पांढरे. एकाच बाजूला लावले तर हवा बदलली की बोर्ड त्या बाजूला ओढला जातो. सुतारकाकांनी मागे दोन आडव्या पट्ट्या ठोकायला सांगितल्या, एक इंच रुंद, वरून सहा इंचांवर आणि खालून सहा इंचांवर. बरोबर सांगितले, तारही त्याच पट्टीतून ओवता येते.

भिंतीला दुहेरी टेप लावायची नाही. डिस्टेंपरचा पापुद्रा टेपेला चिकटून येतो आणि रात्री फलक पडतो. छताजवळच्या लोखंडी पट्टीवरून तार, फलकाचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर.

२ डिसेंबर
गाण्यांच्या जुन्या पुस्तिका मिळाल्या, चार. मूळ पुस्तिका काचेखाली, बाजूला रंगीत प्रत उलटून बघायला. कागद पिवळा आणि घडीवर तुटणारा, म्हणून पानाखाली पातळ आधार. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आत. सभागृहाच्या ट्यूबखाली मीटरने ३२० दाखवले. काचपेटीवरची ट्यूब काढून टाकली, छोटा एलईडी फक्त दर्शनाच्या वेळेत.

एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर प्रभातची खूण, तुतारी फुंकणारी स्त्री. भिंगाखाली पाहिले तर तुतारीची वळणे छापताना रंग सरकल्याने दुहेरी झाली आहेत, लाल कड काळ्या रेषेच्या अर्धा मिलिमीटर डावीकडे. रंगीत प्रतीत ही चूक ‘दुरुस्त’ करू नये, असे छपाईवाल्याला लिहून दिले. त्या काळी छापखान्यात छपाईचा दगड कसा सरकत होता त्याचाच हा पुरावा आहे.

११ डिसेंबर
फोनवर चौकशी: एका घरी माळ्यावर कापडात गुंडाळलेली ३५ मिमी रिळे आहेत, आणू का? आणू नका असे सांगितले, कारण लिहून पाठवले. कडेला ‘सेफ्टी’ असे छापलेले नसेल आणि फिल्म १९५० च्या आधीची असेल तर नायट्रेट समजून चालायचे. पिवळसर भुकटी, चिकटलेले वेढे किंवा मधासारखा थर दिसला तर उघडायचे नाही, उन्हात ठेवायचे नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच. नायट्रेट पेटले की जळायला लागणारा प्राणवायू त्याच्यातूनच निघतो, पाण्याखालीही विझत नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेटच्या साठ्याला आग लागली तेव्हा जुन्या चित्रपटांची किती तरी मूळ रिळे गेली, प्रभातचीही त्यात होती. डबा सावलीत, गॅसपासून लांब, झाकण घट्ट न दाबता ठेवायचा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवायचे. पत्ता त्या घरी दिला.

हीच माहिती फलक १७ च्या खाली टाकली. बडोद्यात जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून काय काय असेल!

१७ डिसेंबर
मांडणी. सकाळी नऊ ते रात्री आठ, पाच जण. फलक १८ शेवटच्या भिंतीवर: कंपनी बंद झाल्यावर काय उरले. स्टुडिओची जागा सरकारने घेतली, १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट उघडले. प्रभातच्या शूटिंग-मजल्यावर विद्यार्थी आजही दिवे लावतात. चित्रपट मात्र आपोआप टिकले नाहीत. विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी पुढे ते पुन्हा मिळवले आणि लोकांसमोर आणत राहिले.

फलक १४ आणि १८ समोरासमोर. मध्ये डब्यांची उतरंड.

२१ डिसेंबर
चौथा दिवस. प्रोजेक्टर आठ वेळा चालला, एकदाच लूप सुटला, मोटर लगेच बंद केल्याने फिल्म शाबूत. फलक ६ वर एक ज्येष्ठ वाचक थांबले आणि ‘चंद्रसेना’चा फोटो १९३५ चा नाही, १९३१ चा आहे, असे म्हणाले. वेशभूषेवरून त्यांचे म्हणणे पटले. फोटोवर चिठ्ठी लावली: ‘वर्ष तपासात’.

२२ डिसेंबर
उतरवणी. प्रत्येक दोन फलक समोरासमोर तोंड करून, मध्ये पातळ फोम, चारही कोपऱ्यांना पुठ्ठा. आठ जोड्या, एक फलक सुटा, दोन खोकी, उभी ठेवायची, आडवी नाही. खोक्यावर क्रमांक, ‘वर’ची खूण आणि तारेचे हूक वेगळ्या पिशवीत. माहितीपटाच्या डब्यातली पट्टी पुन्हा पाहिली: हिरवी. पुढच्या प्रदर्शनाआधी ही प्रत बदलावी लागेल. फलक ६ जोडीत न घालता वरती ठेवला, फोटो बदलायचा आहे.